छत्तीस टक्के : मॉरिशसच्या उसाचं प्रकरण

२४ नोव्हेंबर २००५ रोजी ब्रसेल्समध्ये युरोपीय संघाच्या कृषिमंत्र्यांची बैठक आटोपली, तेव्हा साखरेचा हमीभाव चार वर्षांत ३६ टक्क्यांनी खाली आणायचं नक्की झालं होतं. कच्च्या साखरेच्या टनाला ५२३.७ युरो मिळत होते, ते ३३५.२ युरोवर येणार होते. या दराने युरोपला साखर विकायचा सर्वात मोठा कोटा ज्या देशाकडे होता, तो देश हिंदी महासागरातलं एक बेट होता. मॉरिशस दरसाल सुमारे ४ लाख ९१ हजार टन साखर या कोट्यात पाठवायचा.

ढोबळ गुणाकार केला तरी वर्षाला नऊ कोटी युरोंचा खड्डा दिसतो. लोकसंख्या बारा लाखांच्या आसपास. म्हणजे तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत माणशी पंचाहत्तर युरो, दरवर्षी, एका बैठकीत गेले. ज्या देशाची सारी घडण उसाने केली, त्याने या धक्क्यानंतर काय केलं, कोण तरलं आणि कोण मागे राहिलं, हे इथे मांडायचं आहे.

त्याचा निकाल आधीच सांगतो. देश तरला आणि कारखानदारही तरले. लहान शेतकरी मात्र तितकासा तरला नाही. तिन्ही गोष्टींची मुळं २००५ च्या बरीच मागे आहेत, म्हणून थोडं मागे जावं लागेल.

दगडांच्या राशी

मॉरिशसचं मुख्य बेट साधारण १,८६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे गोव्याच्या जेमतेम निम्मं. जमीन ज्वालामुखीची, त्यामुळे नांगर घालायच्या आधी काळे दगड वेचावे लागले. उसाच्या फडात जागोजागी त्या दगडांच्या उंच राशी आजही उभ्या दिसतात. त्या हातांनी रचलेल्या आहेत. मॉरिशसचं अर्थकारण समजून घ्यायचं तर सुरुवात त्या राशींपासून करावी असं मला वाटतं, कारण पुढे यंत्राने ऊस तोडायची वेळ आली तेव्हा याच राशी आड आल्या.

डच लोकांनी १६३९ मध्ये जावाहून उसाचं बेणं आणलं. पुढे डच गेले, फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रज आले. १८२५ मध्ये इंग्रजांनी मॉरिशसच्या साखरेवरचं जादा आयातशुल्क काढून तिला वेस्ट इंडीजच्या साखरेच्या बरोबरीला आणलं, आणि बेटावर जिथे जमेल तिथे ऊस उभा राहिला. ऊस का, याला आणखी एक साधं कारण आहे. हे बेट चक्रीवादळांच्या वाटेवर आहे. वाऱ्याने भाजीपाला आणि फळझाडं मोडून पडतात. ऊस लोळतो, पण मुळासकट जात नाही. नुकसान होतं, पीक नाहीसं होत नाही. शिवाय एकदा लागण केली की तिथे सहा-सात खोडवे घेतात. आपल्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या खोडव्याला शेतकरी नाक मुरडतो, तिथे तोच हिशेबाचा पाया आहे.

१ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. मळेवाल्यांनी त्याच्या आधीच, नोव्हेंबर १८३४ पासून, हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. आप्रवासी घाट म्हणून तो धक्का आता जागतिक वारसा यादीत आहे. बहुतेक मजूर बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले, त्याखालोखाल तमिळ आणि तेलुगू मुलखातले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसं होती. बेटाच्या पश्चिमेला, मेदिनच्या मळ्यांजवळच्या कास्काव्हेलसारख्या गावांत त्यांचे वंशज आजही आहेत. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, ती या उसाच्या मजुरांमुळे.

त्या करारात एक कलम असं होतं की एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. ज्याचं पोट हातावर आहे त्याला आजारी पडायचीही सोय नव्हती.

तरीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचे भाव पडले, मळेवाले अडचणीत आले आणि त्यांनी कडेकडेच्या, दगडाळ, पाण्यापासून लांबच्या जमिनी तुकडे करून विकायला काढल्या. करार संपलेल्या मजुरांनी पै-पै साठवून ते तुकडे घेतले. तिथून एक नवा वर्ग जन्मला, स्वतःच्या एक-दोन एकरांत ऊस लावणारा आणि तो मळेवाल्याच्याच कारखान्याला घालणारा लहान शेतकरी. क्रिओल या बेटावरच्या बोलभाषेत त्याला ‘ती-प्लांतेर’ म्हणतात. १९३७ मध्ये याच शेतकऱ्यांच्या ऊबा नावाच्या वाणाच्या उसाला कारखान्यांनी कमी दर लावला तेव्हा दंगे झाले, गोळीबार झाला, माणसं मेली. १९४३ च्या सप्टेंबरात बेल व्ह्यू आरेल इथे मजुरांवर पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. मेलेल्यांत अंजली कूपेन ही गरोदर तरुणी होती. तिचं नाव आज तिथल्या स्टेडियमला आहे.

या दोन गोळीबारांनंतर वाटणीचे नियम, लवादाची यंत्रणा आणि पीकविमा अशा गोष्टी हळूहळू कायद्यात आल्या. वादळ आणि दुष्काळासाठीचा उसाचा विमा १९४६ पासून आहे. शेतकऱ्याने घातलेल्या उसातून निघालेल्या साखरेपैकी ७८ टक्के साखर शेतकऱ्याची आणि २२ टक्के कारखान्याची, असं तिथलं प्रमाण बसलं. आपल्याकडे ऊस कारखान्यात गेला की तो कारखान्याचा झाला आणि शेतकरी बिलाची वाट बघत बसतो. तिथे शेतकरी साखरेचाच मालक राहतो आणि विक्री सिंडिकेट ही १९१९ पासूनची मध्यवर्ती संस्था सगळ्यांच्या वतीने करते. ऊस परिषदांतून दराचं भांडण ऐकत मोठं झालेल्या कुणालाही हा ७८ चा आकडा ऐकून थोडं थांबावंसं वाटेल. मात्र भाव पडला तर पडलेल्या भावाचेही ७८ टक्के शेतकऱ्याच्याच अंगावर येतात. हे पुढे महाग पडलं.

हमीभाव कसा हाती लागला

१९६० च्या फेब्रुवारीअखेर कॅरोल नावाच्या चक्रीवादळाने त्या वर्षीचा निम्म्याहून अधिक ऊस झोपवला. मलेरिया आटोक्यात आल्यामुळे लोकसंख्या वर्षाला तीन टक्क्यांच्या गतीने वाढत होती. पुढे नोबेल मिळवणारे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या अहवालात या बेटाच्या भविष्याविषयी फार निराश सूर लावला होता. एकच पीक, वाढती तोंडं, नाना जातिधर्मांचा समाज आणि नोकऱ्या नाहीत. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा निर्यातीच्या उत्पन्नातले ९० टक्क्यांहून अधिक पैसे साखरेचे होते.

मीड यांचा हिशेब चुकला नव्हता. त्यांना न दिसलेली गोष्ट १९७५ मध्ये घडली. ब्रिटन युरोपीय समुदायात गेल्यामुळे त्याच्या जुन्या वसाहतींच्या साखरेचं काय करायचं हा प्रश्न होता, आणि युरोप व या देशांमधल्या लोमे नावाच्या व्यापारकराराबरोबर साखरेचा जोडकरार झाला. आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या देशांना ठरावीक कोटा, युरोपीय शेतकऱ्याला मिळतो त्या पातळीचा भाव, आणि मुदत बेमुदत. बोलणी चालली होती त्या काळात, १९७४ मध्ये, जगाच्या बाजारात साखर उच्चांकी भावाने विकत होती. पुष्कळ देशांना वाटलं, बांधून कशाला घ्यायचं? मॉरिशसने उलटा विचार केला. हातचा चढा भाव सोडून लांबच्या खात्रीच्या मागे लागला आणि मोठा कोटा मागून घेतला. एकूण तेरा लाख टनांच्या कोट्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग एकट्या मॉरिशसला मिळाला. दोन-तीन वर्षांत जागतिक भाव कोसळला, आणि मग तीसेक वर्षं या बेटाला साखरेचा जगापेक्षा दुप्पट, कधी तिप्पट दर मिळत राहिला.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वात शहाणा निर्णय हाच. २००६ नंतरच्या योजनांचं कौतुक पुष्कळ होतं, पण त्या योजना करायला जी ताकद लागली ती १९७५ ला कमावलेली होती.

साखरेच्या पैशातून दुसरं काय उभं राहिलं

खात्रीचा भाव पुष्कळ देशांना मिळाला. फिजीला मिळाला, गयानाला मिळाला, जमैकाला मिळाला. प्रत्येकाने त्यातून दुसरं काही उभं केलं असं नाही. मॉरिशसमध्ये तीन गोष्टी जुळून आल्या.

पहिली, १९७० चा निर्यात-प्रक्रिया क्षेत्राचा कायदा. एका आवारात भिंत घालून क्षेत्र करण्याऐवजी बेटावर कुठेही कारखाना टाका आणि निर्यात केलीत तर करमाफी घ्या, अशी त्याची रचना होती. त्यामुळे शिवणयंत्रं गावांत गेली. कामावर आल्या त्या मुख्यतः बायका, ज्यांच्या आया आणि आज्या उसाच्या फडात खपल्या होत्या. हाँगकाँगचे उद्योजक आले, पण भांडवलाचा मोठा भाग स्थानिक होता, आणि तो स्थानिक पैसा बराचसा साखरेचा होता. १९८० च्या दशकाच्या मध्यावर कपड्यांच्या निर्यातीने साखरेला मागे टाकलं. त्या दशकाच्या आरंभी बेकारी वीस टक्क्यांच्या आसपास होती. दशक संपता संपता बाहेरून कामगार आणायची वेळ आली.

दुसरी, साखरेवरचा निर्यातकर. मोठ्या मळेवाल्यांच्या नफ्याचा एक भाग सरकारकडे येत राहिला आणि तो शाळा, दवाखाने, पेन्शन यांवर खर्च झाला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. हा कर १९९४ मध्ये पूर्ण गेला. त्याच वर्षी ऊसशेतकरी आणि कामगारांना कारखान्यांत २० टक्के भागीदारी देणारा गुंतवणूक न्यास निघाला. आपल्या सहकारी साखर कारखान्याशी त्याची तुलना करायचा मोह होतो, पण ती फार ताणू नये. आपल्याकडे सभासद निदान कागदावर मालक असतो. तिथे मालक मळेवालाच राहिला, बाकीच्यांना लाभांशापुरतं आत घेतलं.

तिसरी, मळेवाले स्वतः. किनाऱ्यालगतची जमीन त्यांचीच होती, म्हणून पर्यटनात तेच उतरले. साखर, हॉटेल आणि कापड ही तीन वेगळी क्षेत्रं म्हणून आकडेवारीत दिसतात खरी, पण भागधारकांची नावं बघितली तर पुष्कळदा तीच घराणी भेटतात. अर्थव्यवस्था बहुविध झाली, मालकी तितकी झाली नाही.

चहाची गोष्ट दोन ओळींत संपते. सरकारने साठ-सत्तरच्या दशकांत उंचावरच्या थंड भागात चहाचे मळे वाढवले, मजुरी आणि भाव यांचा मेळ बसला नाही, नव्वदच्या दशकात बरेचसे मळे उपटून तिथेही ऊस लागला. चौथा उद्योग, म्हणजे परदेशी कंपन्यांच्या वित्तव्यवहारांचा, आपल्याला चांगला ठाऊक आहे. भारताशी झालेल्या दुहेरी-कर टाळण्याच्या करारामुळे भारतात येणारी परकी गुंतवणूक वर्षानुवर्षं कागदोपत्री मॉरिशसहून येत राहिली. मुंबईच्या शेअर बाजारातल्या मंडळींना पोर्ट लुईचा पत्ता पाठ असायचा. २०१६ मध्ये त्या करारात बदल झाला.

एकाच वर्षी तीन घाव

२००५ साल आलं ते तीन बाजूंनी. १ जानेवारीला जागतिक कापड-कोट्याची व्यवस्था संपली आणि चिनी कपडा मोकळा सुटला. खनिज तेल महाग होत होतं. आणि नोव्हेंबरात साखरेचा निर्णय झाला.

युरोपने तो आपण होऊन घेतला नव्हता. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी युरोपच्या साखरधोरणाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली होती आणि ते जिंकले होते. आपल्याला हे नाव-गाव ओळखीचं वाटायला हरकत नाही. पुढे ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या ऊसदर आणि निर्यात-अनुदानाविरुद्ध तक्रार केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला. भारताने अपील केलं. फरक इतका की भारताकडे स्वतःची प्रचंड बाजारपेठ आहे. २०२१-२२ च्या एका हंगामात एकट्या महाराष्ट्राने १३७ लाख टन साखर काढली. मॉरिशसचं आजवरचं सर्वात मोठं उत्पादन १९७३ चं, सव्वासात लाख टनांच्या आतलं. इतक्या लहान उत्पादकाला बाजाराचा भाव हलवता येत नाही, आणि खपवायला घरात माणसंही नाहीत.

२००७ मध्ये युरोपने ‘बेमुदत’ करार संपवत असल्याची रीतसर नोटीस दिली आणि ३० सप्टेंबर २००९ ला तो संपला.

मॉरिशसने २००६ च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांची जुळवणी-योजना मांडली. २००१ मध्येच त्याची अर्धी तयारी झालेली होती, कारण धोक्याची चाहूल आधीच लागली होती. योजनेचा गाभा हा की साखर काढणारा उद्योग बंद करायचा नाही, त्याचा ‘ऊस-उद्योग’ करायचा. म्हणजे उसातून जे जे निघतं ते ते विकायचं.

कारखाने कमी केले. २००० च्या सुमारास दीड डझनाच्या आतबाहेर असलेली धुराडी हळूहळू चारवर आली, पुढे मेदिनचं गाळप थांबल्यावर तीनवर. मोठ्या कारखान्यात टनामागचा खर्च कमी येतो हे खरंच आहे. स्वेच्छानिवृत्ती देऊन हजारो कामगारांना मोकळं केलं. थोडी रोख रक्कम आणि घर बांधण्याजोगा जमिनीचा तुकडा असा तो सौदा होता. पन्नाशीच्या कामगाराने तो बहुधा आनंदाने घेतला. त्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की माझा मुलगा काही फडात येणार नाही.

साखरेचा प्रकार बदलला, आणि यात कल्पकता होती. शंभर-दीडशे वर्षं मॉरिशस कच्ची साखर जहाजात ओतून पाठवायचा आणि ती पांढरी करण्याचा नफा लंडनच्या शुद्धीकरण कारखान्याला मिळायचा. आता बेटावरच शुद्धीकरण उभं केलं आणि २००८ मध्ये जर्मनीच्या झ्युडत्सुकर या बड्या कंपनीशी दीर्घ मुदतीचा करार करून २००९ पासून पांढरी साखर थेट युरोपात पाठवायला सुरुवात केली. जोडीला डेमेरारा, मस्कोव्हाडो अशा गडद, मळीचा वास धरून असलेल्या खास साखरा. त्यांना जगभर मोठा दर मिळतो आणि त्यांच्यात मॉरिशसचा हात धरणारे थोडे आहेत. कच्ची साखर ही कुणाचीही असते. या साखरेच्या पिशवीवर बेटाचं नाव असतं.

आणि वीज. चिपाडं जाळून वीज करायची, ती राष्ट्रीय वाहिनीला विकायची, हे मॉरिशसने आपल्यापेक्षा खूप आधी, १९५७ पासून, थोड्या प्रमाणात सुरू केलं होतं. पुढे मोठ्या दाबाचे बॉयलर आले आणि एक काळ असा होता की देशाच्या विजेतला साधारण सहावा हिस्सा चिपाडांचा होता. साऱ्या जगात याचा दाखला दिला जातो. एक गोष्ट मात्र त्या दाखल्यात गाळली जाते. गाळप जून ते डिसेंबर चालतं. उरलेल्या महिन्यांत त्याच बॉयलरांत आयात केलेला कोळसा जळतो, आणि वर्षाचा हिशेब मांडला तर कोळशाची वीज चिपाडाच्या विजेहून कितीतरी जास्त भरते. ऊस कमी झाला की चिपाडं कमी आणि कोळसा जास्त.

दोन एकरांचा हिशेब

आता त्या माणसाकडे येतो ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

२००५ च्या सुमारास मॉरिशसमध्ये पंचवीस हजारांहून अधिक लहान ऊसशेतकरी होते. पंधरा वर्षांत त्यांची संख्या निम्म्याहून खाली गेली. त्यांनी शेत विकलं असं नाही. बहुतेकांनी ते नुसतं सोडून दिलं, आणि आता तिथे झुडपं आहेत. उसाखालचं क्षेत्र एकेकाळी ऐंशी हजार हेक्टरांच्या घरात होतं, ते चाळीस हजारांच्या खाली आलं.

का सोडलं, हे एका तुकड्याच्या हिशेबाने बघू. दोन एकर म्हटलं की तोडायला यंत्र येत नाही, कारण मध्ये दगडांच्या राशी आहेत आणि बांधाला वळायला जागा नाही. म्हणून तोडायला माणूस हवा. माणूस हॉटेलात, बांधकामावर किंवा कपड्याच्या कारखान्यात गेलेला आहे. जो मिळतो तो साठीच्या पुढचा आणि महाग. ऊस तोडला तरी जवळचा कारखाना बंद झालेला असतो, म्हणून लॉरीला दुप्पट अंतर. कारखान्यांच्या एकत्रीकरणाने गाळपाचा खर्च उतरला, पण त्यातला काही भाग वाहतुकीच्या रूपाने शेतकऱ्याच्या माथी आला. अहवालात बचत दिसते, शेतकऱ्याच्या वहीत लॉरीचं भाडं दिसतं. भावपातळी ३६ टक्क्यांनी खाली आली आहे, आणि वाटणी तर ७८ टक्क्यांची. साखरेचा भाव पडला तरी मळेवाल्याकडे शुद्धीकरण आहे, वीजकेंद्र आहे, आसवनी आहे, हॉटेल आहे. लहान शेतकऱ्याकडे फक्त ऊस आहे.

सरकारने हे ओळखलं नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. युरोपच्या मदतीतून लहान तुकडे एकत्र जोडून, दगड काढून, नव्याने लागण करून देण्याची योजना आली. दगड काढायला मोठी यंत्रं आली, आणि दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी हातांनी रचलेल्या राशी हलवल्या गेल्या. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी न्याय्य-व्यापाराचं (फेअरट्रेडचं) प्रमाणपत्र मिळवलं आणि टनामागे ६० डॉलर जादा घेतले. जिथे संस्था जागी होती तिथे याचा खरोखर उपयोग झाला.

पण जमिनीला वारस किती? तिथला वारसा कायदा फ्रेंच परंपरेतला, सगळ्या मुलांना वाटा. एका तुकड्याला आठ-दहा नावं, त्यांतली दोन इंग्लंडात, एक पॅरिसला, बाकीची एबेन या बेटावरच्या संगणकनगरीतल्या कार्यालयांत. सातबाऱ्यावर न मावणारी नावं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. ज्या मोफत शाळा साखरेच्या कराने उभ्या राहिल्या, त्याच शाळांनी शेतकऱ्याच्या मुलाला फडातून बाहेर काढलं. हे चांगलंच झालं. आजोबांनी एक-एक दगड वेचून केलेल्या शेतात झुडपं वाढताना पाहून त्या घरातल्या म्हाताऱ्यांना जे वाटत असेल, त्याची मात्र कोणत्याही योजनेत नोंद नाही.

मोठ्या मळ्यांच्या जमिनीही उसाखालून गेल्या, पण त्यांची वाट वेगळी होती. २००२ पासून परदेशी नागरिकांना आलिशान बंगले विकायची परवानगी मिळाली, तेव्हा किमान किंमत पाच लाख डॉलर होती. २०१५ मध्ये ‘स्मार्ट सिटी’ योजना आली. उसाच्या एकरात साखर निघायची, आता गोल्फचं मैदान, शाळा, दुकानं निघाली. ब्यो प्लांचा कारखाना १९९९ ला बंद झाला आणि २००२ मध्ये तिथे साखरेचं उत्तम संग्रहालय उभं राहिलं. रस्त्याकडेची, समुद्राकडेची जमीन मळेवाल्यांची होती. एकोणिसाव्या शतकात तुकडे पाडून विकलेली जमीन आतली, दगडाळ, पाण्यापासून लांबची. ऊस होता तोवर दोन्ही जमिनींत साखरच निघत होती आणि फरक थोडा होता. ऊस गेला आणि फरक उघडा पडला. मजुरांना जमीन विकत घेताना तो फरक दिसणं शक्य नव्हतं.

त्यानंतर

३० सप्टेंबर २०१७ ला युरोपने आपल्या बीट-शेतकऱ्यांवरची उत्पादनाची मर्यादाही काढली. युरोपात साखरेचा पूर आला, २०१८ मध्ये भाव इतका घसरला की मॉरिशसमध्ये उत्पादनखर्च निघेना. आणखी काही हजार एकर सुटले. उत्पादन २०२० पर्यंत तीन लाख टनांच्या खाली उतरलं. राष्ट्रीय उत्पन्नात साखरेचा वाटा आता एका टक्क्याच्या आसपास आहे.

मग २०२० च्या मार्चमध्ये बेटाच्या सीमा बंद झाल्या. आदल्या वर्षी पावणेचौदा लाखांच्या घरात पर्यटक आले होते, ते शून्यावर आले. त्याच जुलैत वाकाशियो हे जपानी मालकीचं जहाज आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळात रुतलं आणि ऑगस्टमध्ये त्यातलं तेल माहेबुर्गच्या खाडीत पसरू लागलं. लोक वाट न बघता कामाला लागले. कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यांत उसाचं पाचट भरलं, तरंगण्यासाठी बाटल्या बांधल्या आणि तेल अडवायला त्या पाण्यात सोडल्या. त्या आठवड्यात सरकारी गोदामांपेक्षा उसाचे फड अधिक कामाला आले.

त्या संकटात आणखी एक जुनी गोष्ट सगळ्यांना जाणवली. हा शेतीवर उभा राहिलेला देश आपल्या अन्नापैकी तीन-चतुर्थांश बाहेरून आणतो. तांदूळ तर सगळाच जहाजाने येतो. ऊस सोडलेल्या जमिनीत भाजीपाला, डाळी, फळं का होऊ नयेत, असा प्रश्न तेव्हा पुन्हा निघाला. उत्तर सोपं नाही. ऊस हलतो पण टिकतो, टोमॅटो एका वादळात जातो. उसाला विमा आहे, संशोधन संस्था आहे, सिंडिकेट आहे, लॉरीची ठरलेली वाट आहे. भाजीला यांतलं फारसं काही नाही. शंभर वर्षं एका पिकासाठी बांधलेली घडी दुसऱ्या पिकासाठी पुन्हा बांधावी लागेल, आणि त्यासाठी नऊ कोटी युरो देणारं कुणी आता नाही.

लहान शेतकऱ्याची सर्वात जुनी मागणी मात्र अखेर ऐकली गेली. त्याच्या उसाच्या चिपाडातून वीज व्हायची, ती विकली जायची आणि त्याच्या हाती त्यातले किरकोळ पैसे यायचे. दशकानुदशकं तो म्हणत होता की साखर जर ७८ टक्के माझी, तर चिपाड कुणाचं? २०२१ च्या हंगामापासून चिपाडाचा दर चांगला वाढवून दिला गेला. नंतर जगातले साखरभावही चढले, आणि जे अजून फडात होते त्यांना पुष्कळ वर्षांनी बरे पैसे दिसले. चिपाडाचा हा दर २००६ च्या योजनेतच लिहिता आला असता. वीज तेव्हाही होत होती, ती विकलीही जात होती, आणि शेतकरी तेव्हा पंचवीस हजारांवर होते.